गाडी भाड्याची, विमा आमचा

२ मार्च, सोमवार

कालपासून कागदांची बॅग माझ्या ताब्यात. तारीख मुद्दाम लिहून ठेवते आहे.

बॅग म्हणजे तपकिरी रेक्झिनची, चेन अर्ध्यात अडकणारी. घराचे कागद, बाबांच्या गाडीचे कागद, बिलं, आईच्या चष्म्याचा नंबर, सगळं त्यात. बावीस वर्षं ती मामाकडे होती, कारण आमच्या माणसांत दहावी पास झालेला तो एकटा. मामा बोट ठेवायचा, बाबा तिथे सही करायचे. आता घरात पदवीधर आहे. मीच बॅग मागितली. मामाने ती दिली, पण चेहरा असा की शरीरातला एखादा अवयव काढून देतो आहे. म्हणाला, सांभाळा मॅडम, पण पहिली चूक झाली की बॅग परत माझ्या कपाटात. बाबा म्हणाले, चालेल. आई म्हणाली, चहा गार होतोय.

मला अट मान्य आहे. चूक होण्याचा प्रश्नच येत नाही.

बॅग उघडली आणि शिसारी आली. आत बामाचा वास. पाण्याच्या बिलाला अर्धं चघळलेलं चॉकलेट चिकटलेलं. एका लिफाफ्यात नुसती रबरबँडं, वितळून एकमेकांत गेलेली. एका कुटुंबाचं भवितव्य एका माणसाने बावीस वर्षं असं ठेवलं होतं. हात दोनदा धुतले.

संकल्प: कुठलाही कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचल्याशिवाय घरात कुणीही सही करायची नाही.

४ मार्च, बुधवार

काम आलं. चौदा तारखेला मावशीचा निरोपसमारंभ. एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती, आता निवृत्त. भेट म्हणून आई तिला शिलाई मशीन देणार, पायांसकट. आमच्या गाडीत मशीन घातलं तर माणसं बाहेर. शिवाय बाबा म्हणतात, घाटात आपल्या गाडीचा जीव जाईल. बाबांना गाड्यांचं कळतं. गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग करतात, माझ्या जन्माच्या आधीपासून. म्हणून मोठी गाडी चार दिवस भाड्याने घ्यायची.

मामा लगेच म्हणाला, काउंटरवर सांगतील तो सगळा विमा घ्या, फुल प्रोटेक्शन, डोक्याला ताप नको. यालाच मी मानसिक गुलामगिरी म्हणते. माणसाला आधी घाबरवायचं, मग त्याच भीतीचं पॅकेट करून त्याला विकायचं. ओकारी येते मला या धंद्याची. बाबा स्वतःच्या गाडीचा विमा दरवर्षी न चुकता भरतात. मग दुसऱ्याच्या गाडीत बसल्यावर ते काय वेगळा माणूस होतात?

संध्याकाळी पॉलिसी काढून बसले. अडतीस पानं. अक्षर मुंगीचं. कागद दोन भाषांत छापलेला, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे आपली. मी अर्थातच डावीकडचं वाचते, मूळ तेच असतं. अकराव्या पानावर अगदी खाली सापडलं: विमाधारक स्वतःच्या मालकीची नसलेली अन्य खासगी गाडी चालवत असतानाही त्याला संरक्षण राहील. यापेक्षा स्पष्ट काय हवं.

तिथे थांबले. मुद्दा हाती लागल्यावर वाचत बसणं म्हणजे वेळेचा अपव्यय.

५ मार्च, गुरुवार. सकाळी ७.४०

रात्रीत विचार पक्का झाला. आपलं संरक्षण एकपदरी नाही, तीनपदरी आहे. गाडीची पॉलिसी. बाबांच्या बँकेच्या कार्डाबरोबर आलेलं पत्रक, त्यावर ‘मोफत प्रवास विमा’ असं लिहून एक दात दाखवणारं जोडपं छापलंय. आणि माझ्या ऑफिसचा मेडिक्लेम, त्यात आईबाबा आहेत. (ऑफिस म्हणजे कुरिअर कंपनी. मी पत्ते टाइप करते. तात्पुरतं.)

तीन रंगांत आकृती काढली. लाल वर्तुळ, हिरवं वर्तुळ, निळं वर्तुळ, मध्ये बाबा. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला चिकटवली.

संध्याकाळी आकृती फ्रिजच्या बाजूला. आई म्हणाली, दार लागत नव्हतं.

७ मार्च, शनिवार

विमा कंपनीच्या हेल्पलाइनला फोन. सव्वीस मिनिटं तीच ती धून, मध्ये मध्ये एक बाई सांगते की तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. खोटेपणाचा इतका वीट आला की फोन कानापासून लांब धरून बसले. शेवटी एक माणूस आला. तो काहीतरी खात होता. स्पष्ट ऐकू येत होतं. विचारलं, दुसरी गाडी चालवताना आमची पॉलिसी लागू होते ना? म्हणाला, मॅडम, तसं साधारणपणे होते, पण कोणती गाडी, कशी घेतलेली, अटी बघाव्या लागतील, तुम्ही पान बारा...

मी आभार मानून फोन ठेवला. मला चघळण्याचा आवाज सहन होत नाही.

वहीत नोंद केली: हेल्पलाइन, ७ मार्च, ११.५२. उत्तर: होते.

मामाला कळवलं. म्हणाला, लेखी घेतलंस का? हा माणूस चॉकलेटला पाण्याचं बिल चिकटवतो आणि मला लेखी पुराव्याच्या गोष्टी सांगतो.

१२ मार्च, गुरुवार

गाडी घेतली. सविस्तर लिहायला हवं, कारण आज एक तत्त्वाची लढाई जिंकले.

ऑफिस म्हणजे काचेचा डबा. आत एअर फ्रेशनर इतका मारलेला की जीभ गोड झाली. काउंटरवरचं पेन साखळीने बांधलेलं, त्याच्या टोकावर कुणाचे तरी दात. काउंटरमागे एक मुलगी, माझ्याच वयाची. तिला मी मनात हसरी नाव दिलं, कारण ती बोलताना, ऐकताना आणि प्रिंटरमधला कागद अडकला तेव्हाही हसतच होती. तिने तीन पॅकेजं सांगितली. बेसिक, प्लस, फुल. पहिल्यात नुकसानीचा पहिला हिस्सा आपला, दुसऱ्यात थोडा कमी, तिसऱ्यात काहीच नाही. म्हणाली, सर फुल घ्या, निवांत झोप लागेल.

मी म्हटलं, झोप विकायला बसलात का तुम्ही. मग तिला पान अकरा सांगितलं, कार्ड सांगितलं, मेडिक्लेम सांगितला. भीतीच्या अर्थकारणावरही दोन शब्द सांगितले. ती हसत म्हणाली, ओके मॅम, मग इथे, इथे, इथे आणि इथे, ‘नको’ म्हणून सही. मागच्या रांगेतून एक गृहस्थ म्हणाले, ताई, गाडी घेताय की निवडणूक लढवताय? बाबा स्वतःच्या बुटांकडे बघत होते. भारावले की ते तसंच करतात.

चार सह्या केल्या बाबांनी. मी बोट ठेवलं तिथे. डिपॉझिट बाबांच्या कार्डावर अडकवलं. दोन महिन्यांच्या पगाराएवढं. मी म्हटलं, नुसतं अडकवतात, सोमवारी सुटेल.

मग आधीच्या नुकसानीचा फॉर्म. त्यावर गाडीचं चित्र असतं, ओरखडे असतील तिथे फुली मारायची. हसरी म्हणाली, हा कुणी भरत नाही. मी म्हटलं, म्हणूनच तुमचं फावतं. पट्टी काढली आणि गाडीभोवती पाऊण तास फिरले. पांढरी गाडी, अंगभर जखमा. तेवीस ओरखडे. प्रत्येकाची लांबी, दिशा, जागा. बंपरखालच्या एकासाठी जमिनीवर आडवी झाले. तिथे वाळलेला कावळ्याचा की कशाचा तरी मल होता. ड्रेसला लागला. न्यायासाठी किळस गिळावी लागते. फॉर्मच्या दोन प्रती, दोन्हींवर हसरीची सही आणि शिक्का.

तेवढा वेळ आई खुर्चीत बसून करार वाचत होती. तिला बसल्या जागी काहीतरी हातात लागतं, एरवी ती काम करते त्या शिवणाच्या कारखान्यातले फॅशनचे कॅटलॉगही वाचते. आई सातवी शिकलेली. उजवीकडचा रकाना, बोट ठेवून, ओठ हलवत. गाडीत बसताना म्हणाली, सतरा नंबरला लिहिलंय गाडीला काही करायचं नाही, म्हणजे धुवायची पण नाही का? मी म्हटलं, आई, असली वाक्यं सगळ्या करारांत असतात, त्यांना अर्थ नसतो.

१३ मार्च, शुक्रवार

प्रवास. सहा तास.

मामा मागे मशीनशेजारी. बूट काढले. मोज्यांबद्दल लिहीत नाही, लिहिलं तर वही बंद करावी लागेल. वाटेत प्रत्येक वळणावर त्याने तिथे पूर्वी झालेला अपघात सांगितला. कोण, कुठून पडलं, विमा होता की नव्हता. शेवटी मी म्हटलं, मामा, आपण तीनपदरी आहोत. तो म्हणाला, हो, आणि मी चौथा पदर, मोज्यांसकट. आई खिडकीकडे तोंड करून हसली. आईने हसायला नको होतं.

बाबा थांबू तिथे उतरायचे आणि गाडीभोवती फिरायचे. ओरखड्यांवरून अंगठा फिरवायचे, लहान मुलाच्या गुडघ्यावरून फिरवावा तसा. एकदा म्हणाले, दाराचा तो मोठा आहे ना, कुणीतरी किल्लीने मारलाय, मुद्दाम. जेवताना पुन्हा म्हणाले, पांढरा रंग सोपा असतो, तरी लोक टाळाटाळ करतात. मी म्हटलं, बाबा, ते ओरखडे आपलं कवच आहे. ते म्हणाले, हो का. आणि अर्धी पोळी ठेवून उठले.

बाबांना व्यवस्थेचा बेजबाबदारपणा लागलेला दिसतो. मला समाधान वाटलं.

१४ मार्च, शनिवार

समारंभ छान. मावशी मशीन बघून रडली. हॉस्पिटलच्या मुख्य परिचारिकेने भाषण केलं, त्यात मावशीपेक्षा स्वतःबद्दल जास्त. श्रेय खाणाऱ्या माणसांचा मला तिटकारा आहे. नंतर मी चारपाच जणांना गाडीच्या विम्याबद्दल समजावलं. मावशीच्या यजमानांना विषय फार आवडला, त्यांनी डोळे मिटून ऐकला.

बाबा जेवणानंतर गायब. मावशीच्या शेजारी एकाचं स्कूटर दुरुस्तीचं शेड आहे, तिथे गप्पा मारायला गेले म्हणे. अंधार पडायच्या आत आले. हात पांढरे. मी विचारलं, काय केलंत? म्हणाले, काही नाही गं, थोडा हात साफ केला. मला वाटलं, त्याच्या स्कूटरला हात लावला असेल.

१५ मार्च, रविवार

सकाळी आईने उठवलं. म्हणाली, बाहेर ये आणि आरडाओरडा करू नकोस.

गाडी उन्हात उभी होती. मी आधी ओळखलीच नाही. दार गुळगुळीत. बंपर गुळगुळीत. डावीकडचा मागचा पत्रा असा की त्यात माझं तोंड दिसलं. बाबांनी काल दुपारी त्या शेडचा कॉम्प्रेसर घेतला, बाजारातून पांढऱ्या रंगाचा डबा आणला, त्यात डोळ्यांनी अंदाज घेत दोन थेंब पिवळा, एक थेंब काळा घातला, आणि तेवीसपैकी चौदा ओरखडे नाहीसे केले. पुट्टी, पॉलिश पेपर, रंग, वर लॅकर. पहाटे उठून पॉलिश मारलं. उरलेले नऊ का ठेवले विचारलं तर म्हणाले, वेळ पुरला नाही, वाईट वाटतंय.

बाबांना इतकं खूश मी माझ्या पदवीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. मामाने गाडीला पूर्ण फेरी मारली आणि म्हणाला, भावोजी, देवाशपथ, कुठे होतं तेच कळत नाही. 

पहिल्यांदा मला थोडा राग आला, फॉर्म आणि गाडी आता जुळत नव्हते. मग शांतपणे विचार केला. कंपनीच्या मालमत्तेचं मूल्य आपण वाढवून दिलंय. फुकट. उद्या त्यांच्याकडून आभाराचं पत्र मागायचं. ते बॅगेत पहिल्या कप्प्यात ठेवीन.

१६ मार्च, सोमवार

मी शांत आहे. अक्षर तिरकं येतंय, ते पेनामुळे.

गाडी परत करायला मी आणि बाबा. मामा उगाच आला. हसरीने पेट्रोल बघितलं, ठीक म्हणाली. मी म्हटलं, एक आनंदाची गोष्ट आहे, आणि सांगितलं. पहिल्यांदाच तिचं हसू गेलं. आतून सुपरवायझर आला. पोट शर्टातून बाहेर बघणारा. हातात छोटं यंत्र, रंगाचा थर किती जाड ते मोजणारं. दाराला लावलं, टुक. मागच्या पत्र्याला लावलं, टुक. आकडे लिहून घेतले. म्हणाला, अनधिकृत दुरुस्ती. कलम सतरा. आता दार, बंपर आणि मागचा पत्रा, तिन्ही पूर्ण खरवडून कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पुन्हा रंगवावे लागतील. डिपॉझिट धरून ठेवलंय, कमी पडलं तर कळवू.

मी फॉर्म काढला. म्हटलं, हे बघा, आम्ही एकही ओरखडा पाडलेला नाही. तो म्हणाला, तेच तर. तेवीस होते असं तुम्हीच पट्टी लावून लिहून दिलंय, आमचा शिक्का घेतलाय. आता नऊ आहेत. फॉर्म कोरा असता तर मी यंत्र काढलंच नसतं मॅडम. इतका चांगला पुरावा आम्हाला आजवर कुणी दिला नाही.

बाबांनी विचारलं, काम वाईट झालंय का? सुपरवायझर म्हणाला, तो प्रश्नच नाही काका. बाबा म्हणाले, माझा तोच आहे.

घरी येऊन करार उघडला. कलम सतरा, उजवा रकाना: भाडेकरूने वाहनावर कोणतेही दुरुस्तीचे, रंगाचे अथवा अन्य काम स्वतः करू नये किंवा करवून घेऊ नये. मराठीत इतकं सरळ लिहिलंय की लाज वाटावी. डावीकडे तेच अकरा ओळींत आहे. कुणी का वाचेल?

आई म्हणाली, मी विचारलं होतं. एवढंच म्हणाली आणि भाकरी उलटली.

 मामा नुसता बॅगेकडे बघून चहा प्यायला. फुर्रफुर्र आवाज करत.

१७ मार्च, मंगळवार

हार मानायचं कारण नाही. याच प्रसंगासाठी तर तीन पदर आहेत. रजा टाकून निघाले.

पहिला पदर. विमा कंपनीचं ऑफिस. टेबलावर धुळीचा थर, त्यावर कुणीतरी बोटाने बदाम काढलेला. क्लार्कने पॉलिसी घेतली, पान अकरा वाचलं आणि पान उलटलं. वाक्य बाराव्या पानावर चालूच होतं: मात्र अशी गाडी भाड्याने अथवा भाडेखरेदीवर घेतलेली नसावी, आणि हे संरक्षण केवळ तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीपुरते राहील. वाक्याच्या मधोमध पान संपवणाऱ्या माणसाला नरकात वेगळी खोली असेल. क्लार्क म्हणाला, ताई, पॉलिसी गाडीची असते, माणसाच्या मागे मागे फिरत नाही. शिवाय यात अपघात कुठे झालाय? मी म्हटलं, माझ्या वडिलांच्या बाबतीत झालाय. त्याने मान हलवली आणि डबा उघडला.

दुसरा पदर. बँक. मोफत प्रवास विमा विमानाला. तोही तिकीट याच कार्डावर काढलं तर. आमच्या घरात विमानात कुणी बसलेलं नाही, हे त्या दात दाखवणाऱ्या जोडप्याला ठाऊक असणार.

तिसरा पदर. मेडिक्लेमवाल्याने विचारलं, पेशंट कोण? मी फोन ठेवला.

परतताना भाड्याच्या ऑफिसात डोकावले. हसरीला विचारलं, समजा आम्ही फुल प्रोटेक्शन घेतलं असतं तर? ती म्हणाली, नाही मॅम, स्वतः केलेली दुरुस्ती त्यातपण नाही.

म्हणजे मी ते नाकारलं हे शंभर टक्के बरोबर होतं. घरी सगळ्यांना सांगितलं. बाबा म्हणाले, बरं झालं. मामा म्हणाला, वा मॅडम, म्हणजे आपण बरोबर बुडालो.

१९ मार्च, गुरुवार

पत्र लिहून पूर्ण. नऊ पानं. कंपनीच्या व्यवस्थापकांना, प्रत ग्राहक मंचाला, प्रत वर्तमानपत्राला. पहिली तीन पानं कराराच्या इतिहासावर, मुद्दा चौथ्यापासून. ‘कष्टकऱ्याच्या कौशल्याला गुन्हा ठरवणारी किळसवाणी व्यवस्था’ हे वाक्य जमलंय. तीनदा वाचलं. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, चांगलंय, पण त्यात लॅकरचं लिही, मी लॅकरचे दोन हात दिलेत, ते लोक एकच देतात.

हे पत्राच्या पातळीला शोभणारं नव्हतं. गाळलं.

बाबांनी मोबाइल घ्यायचा बेत रद्द केलाय. माझ्यामुळे नाही म्हणाले, जुना अजून चालतो. जुन्याला टेप लावलाय.

मामा आला, रिकामी पिशवी घेऊन. पिशवी मांडीवर घडी घालून बसला. आई म्हणाली, अरे, थांब जरा, उत्तर तर येऊ दे. तो म्हणाला, ताई, मला कुठे घाई आहे, बावीस वर्षं होती, चार दिवस इकडे तिकडे. जाताना पिशवी ‘विसरला’. इतका हलकेपणा मी माणसात पाहिला नव्हता.

२३ मार्च, सोमवार. दुपारी

कंपनीतून फोन. व्यवस्थापकांनी उद्या बोलावलंय. बाबांनाही आणा म्हणाले.

पत्राने काम केलं. शब्दांत ताकद असते हे मी कॉलेजपासून म्हणत आले. मामाला लगेच फोन करून सांगितलं, पिशवी घेऊन जा. उद्याचे मुद्दे काढले: संपूर्ण डिपॉझिट, लेखी माफी, कलम सतरामध्ये बदल. माफी स्वीकारायची की नाही ते वेळेवर ठरवीन.

२४ मार्च, मंगळवार

व्यवस्थापकांचं ऑफिस मागच्या बाजूला, वर्कशॉपला लागून. भिंतीवर धबधब्याचं चित्र, खाली मेलेली मुंगी कपात. पत्र टेबलावर होतं. त्यावर कप ठेवलेला. त्यांनी ते उघडलेलं नव्हतं, पाकीट तसंच चिकटलेलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. बाबांना विचारलं, ते दार तुम्ही केलंत? बाबा म्हणाले, हो साहेब. म्हणाले, उघड्यावर? बाबा म्हणाले, शेड होतं, तीन बाजूंनी. व्यवस्थापक म्हणाले, आमच्या वर्कशॉपवाल्याने दार खरवडायला घेतलं आणि परत ठेवलं, म्हणाला, याच्यापेक्षा बरं माझ्याच्याने होणार नाही, यंत्राला कळतं पण डोळ्याला कळत नाही. मग दोघं उठून वर्कशॉपमध्ये गेले. दोन तास. मला काचेतून दिसत होते. बाबा एका गाडीच्या बॉनेटवर बोटाने काहीतरी काढून दाखवत होते आणि तो वर्कशॉपवाला मान डोलवत होता. मी खुर्चीत, मांडीवर मुद्द्यांचा कागद. हसरीने पाणी आणून दिलं. ग्लासाला लिपस्टिकचा डाग होता.

ठरलं असं: ते तीन पत्रे आहेत तसे ठेवतील, डिपॉझिट सोडतील. बाबांनी दर शनिवारी येऊन त्यांच्या गाड्यांचे ओरखडे काढायचे, प्रत्येक कामाचे वेगळे पैसे. करार घरी पाठवतील.

मी उभी राहून म्हटलं, तत्त्व म्हणून आधी माफी, मग पुढचं. व्यवस्थापकांनी बाबांना विचारलं, या कोण? बाबा म्हणाले, मुलगी आहे, ग्रॅज्युएट. ते म्हणाले, अरे वा. आणि बाबांशी हात मिळवला.

बसमध्ये बाबांना म्हटलं, ज्या व्यवस्थेविरुद्ध आपण लढलो तिचेच ओरखडे पुसायला जाणार? ते म्हणाले, बाळा, ओरखडे कुणाचे का असेनात, वाईट दिसतात. मग म्हणाले, आपला स्टॉप आला, पास काढ.

नोंद: पाकीट न उघडताही पत्राचा दबाव आलाच असणार. नऊ पानांचं वजन हाताला लागतं.

२७ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ६.१५

करार आला. आठ पानं, दोन भाषांत.

मामा बरोबर वेळेवर हजर. मी टेबलाच्या एका बाजूला, तो दुसऱ्या. मी म्हटलं, बॅग माझ्याकडे आहे, वाचणार मी. डिपॉझिट सुटलंय, म्हणजे चूक झालेलीच नाही. मामा म्हणाला, डिपॉझिट भावोजींच्या हाताने सुटलं मॅडम, तुमच्या बोटाने अडकलं होतं. मी म्हटलं, निदान मी मोजे धुऊन घालते. तो म्हणाला, निदान मी पान उलटतो.

बाबांनी दोघांकडे बघितलं. करार उचलला आणि आईला दिला. म्हणाले, तूच बघ गं.

आईने हात पुसले, चष्मा लावला, उजवा रकाना, पहिली ओळ. बोट ठेवून, ओठ हलवत. सव्वा तास लागला. मी दोनदा म्हटलं, आई, सारांश सांगू का. ती म्हणाली, थांब, ओळ चुकते. मामा खुर्चीत पेंगायला लागला. तोंड उघडं. आत दिसत होतं सगळं.

पाचव्या पानावर तिला सापडलं की रंग आणि साहित्य बाबांनी आपलं आणायचं, आणि सातव्या पानावर की काम करताना काही लागलं तर कंपनी जबाबदार नाही. तिने स्वतः फोन लावला. म्हणाली, मी त्यांची बायको बोलतेय, पाच आणि सातचं बघा जरा, रंग तुमचा, आणि माणूस तुमच्या जागेत काम करणार तर त्याचा विमा तुम्ही काढायचा. पलीकडे काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. ही म्हणाली, बदलून पाठवा मग, आम्ही कुठे पळतोय. ठेवला.

मग बॅग घेऊन सगळे कागद जमिनीवर ओतले. चॉकलेट चाकूने खरवडलं, रबरबँडं कचऱ्यात टाकली. कागद तिच्या कपाटात, साड्यांच्या खाली. रिकामी बॅग मामाला दिली. म्हणाली, ने, तुझीच आहे.

मला तिने एकाच शब्दाचा अर्थ विचारला. ‘क्षतिपूर्तीचे हमीदायित्व’. मी डावीकडे बघितलं. तिथे ‘इंडेम्निटी’. म्हटलं, व्यापक संकल्पना आहे, उद्या सांगते. ती म्हणाली, असू दे, सावकाश सांग. आणि त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारून म्हणाली, त्या हसऱ्या मुलीला विचारते, ती नीट सांगते.